उलट्या घंटेखाली

घंटेचं तोंड जमिनीकडे असेल तर ती गरीब गाय असते. थोपटा, पुसा, तिच्याखाली बसून डबा खा, काही होत नाही. तोंड आभाळाकडे असेल तर मात्र तिच्या वाटेला जायचं नाही. मिस्टर ऑलिव्हेरोंनी मला हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि तरीही त्या शनिवारी सकाळी मी अशाच एका उलट्या घंटेच्या बरोबर खाली उकिडवी बसले होते. कामच तसं होतं.

थोडं समजावून सांगते, नाहीतर मी एवढी का घाबरले ते कळणार नाही. इंग्लंडमधल्या खेड्यातल्या चर्चची घंटा आपल्या देवळातल्यासारखी नुसती टांगलेली नसते. तिला एक मोठं लाकडी चाक जोडलेलं असतं, चाकावरून दोरी खालच्या मजल्यावर उतरते, आणि वाजवणारे ती दोरी ओढत-सोडत घंटेला मोठेमोठे झोके देऊन शेवटी तिचं तोंड वर करून ठेवतात. ती तशी उभी राहते, कारण तिच्याबरोबर फिरणारी एक लाकडी दांडी खालच्या पट्टीला येऊन टेकते. त्या दांडीला स्टे म्हणतात. मग दोरीला एक ओढ दिली की घंटा तोल सोडून खाली झेपावते आणि पूर्ण गोल फिरून पुन्हा वर जाते. आमची थोरली घंटा साडेपाचशे किलोची होती. ती मनगटाएवढ्या दांडीच्या आधाराने उभी असायची, आणि खाली तिची दोरी कुणाच्याही हाताला येईल अशी लोंबत असायची.

घंटा एकूण सहा. अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या सफक परगण्यातल्या एका खेड्यात एका फिरत्या ओताऱ्याने चर्चच्या आवारातच खड्डा खणून त्या ओतल्या. गावकऱ्यांनी घरातली जुनी भांडी त्या भट्टीत घातली म्हणे. दुसऱ्या महायुद्धात त्यांना गप्प बसवलं होतं. शत्रू किनाऱ्यावर उतरला तरच वाजवायच्या, असा हुकूम होता. पुढे गाव रोडावलं, चर्च बंद पडलं, आणि सिंगापुरातल्या बुकित तिमाहच्या बाजूच्या एका लहानशा चर्चने त्या सहाही घंटा त्यांच्या लाकडी सांगाड्यासकट मागवून घेतल्या. इथे त्या तासायच्या, घासायच्या, पुन्हा टांगायच्या कामाला दोन वर्षं लागली. ते सगळं ऑलिव्हेरोंच्या देखरेखीखाली झालं. हे इथलेच, युरेशियन, म्हणजे युरोपी-आशियाई मिश्र घराण्यातले, जहाजावरून निवृत्त झालेले इंजिनिअर. तरुणपणी इंग्लंडच्या एका बंदरात अडकून पडले असताना घंटा वाजवायला शिकले आणि मग ते वेड सुटलंच नाही.

त्यांनीच मला त्या थोरल्या घंटेची गोष्ट सांगितली होती. सफकमध्ये असताना चर्चचा एक जुना सेवेकरी तिच्या बेअरिंगला वंगण घालायला वर गेला. घंटा तोंड वर करून ठेवलेली होती. खाली कुणीतरी लग्नाची घंटा वाजवायला आलं, त्याला वर माणूस आहे हे ठाऊक नव्हतं, त्याने दोरी ओढली. ऑलिव्हेरो एवढंच सांगून थांबले आणि पुढचं मी विचारलं नाही. तेव्हापासून त्या गावात नियम झाला, की वर कुणी असेल तर खाली दोऱ्यांच्या खोलीला कुलूप लागलंच पाहिजे. घंटांबरोबर तो नियमही बोटीने सिंगापूरला आला होता.

मी यात कशी? मी युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक आहे, कंपनांवर काम करते. इथल्या दमट हवेत ते इंग्लिश लाकूड कितपत टिकेल हे चर्चला कळायला हवं होतं, आमच्या प्रोफेसरांनी ते माझ्या गळ्यात बांधलं. "एवढी शिकलीस आणि शेवटी हातोडी घेऊन लाकडं ठोकत बसलीस," असं माझा नवरा वरुण म्हणतो. तो तांजोंग पगारला एका बँकेत बसून दिवसभर मीटिंगा ठोकतो, म्हणून मी मनावर घेत नाही.

त्या शनिवारी वरुणला ऑफिस होतं, आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहायला तयार नव्हत्या. बाबा गेल्यापासून त्या एकट्या राहतच नाहीत. बाबा वाईच्या घरी बाथरूममध्ये पडले. आई बाहेरून हाका मारत होत्या, आतून उत्तर येत नव्हतं. दार तोडेपर्यंत उशीर झाला होता. तेव्हापासून कुणी हाकेला ओ दिली नाही की त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडतो. आमच्याकडे आल्यावर पहिल्याच आठवड्यात हे झालं. मी खोलीत हेडफोन लावून बसले होते, त्या दाराबाहेर हाका मारत राहिल्या, आणि मी दार उघडलं तेव्हा त्या भिंतीला धरून थरथरत उभ्या होत्या.

मग मी एक तोड काढली. आईंनी दाराशी येऊन देवघरातली घंटी वाजवायची. तिचा किणकिणाट हेडफोनमधूनही ऐकू येतो. मी आतून टेबलावर दोनदा टकटक करायची. टकटक म्हणजे मी आहे. पुढे हे इतकं अंगवळणी पडलं, की जेवायला बोलवायचं असो, कुरियर आलेलं असो नाहीतर नुसती चौकशी असो, आई घंटी वाजवायच्या आणि मी दोनदा ठोकायचे. वरुण म्हणायचा, घरात दोन पोस्टमन राहतात.

तर आई माझ्याबरोबर चर्चला आल्या, डब्यात थालीपीठ घेऊन. दगडी जिना चढून दोऱ्यांच्या खोलीत पोचल्यावर त्यांनी आधी हात जोडले, मग छताकडे बघितलं.

"आमच्या मेणवलीलाही चर्चची घंटा आहे," त्या म्हणाल्या. "चिमाजीअप्पांनी वसईहून आणलेली. लहानपणी आम्ही उड्या मारून मारून वाजवायचो."

"ही वाजवायची नाहीये," मी म्हटलं.

"वाजवायची नाही तर दुरुस्त कशाला करताय?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण वेळ नव्हता. ऑलिव्हेरोंनी पाच दोऱ्या वर ओढून छताजवळ अडकवून ठेवल्या होत्या. फक्त थोरल्या घंटेची दोरी मोकळी होती. सकाळीच त्यांनी तिला झोके देऊन तोंड वर करून ठेवलं होतं, कारण स्टेवर भार असतानाच मला तो तपासायचा होता. त्या दोरीला हाताच्या उंचीवर लोकरीचा जाड, तिरंगी गोंडा गुंफलेला असतो, पकड बसावी म्हणून. आई सराईत विणणाऱ्या. त्या थेट तिकडे गेल्या आणि बोटांनी लोकर चाचपायला लागल्या.

"आंटी, डोंट टच, आह," ऑलिव्हेरो एकदम पुढे आले. एरवी मऊ बोलणारा माणूस, पण आवाज चढला होता. मग ते माझ्याकडे वळले. "यू टेल हर प्रॉपरली. दिस वन कॅन किल."

मी आईंकडे बघितलं. खरं सांगितलं असतं, की ही दोरी ओढली तर वर मी चिरडली जाईन, तर त्यांनी मला त्या शिडीवर पाय ठेवू दिला नसता. डबा घेऊन तिथेच बसल्या असत्या, वरुणला फोन केला असता, आणि महिनाभर रोज विषय निघाला असता. मला काम उरकायचं होतं.

"आई, दोरी फार जुनी आहे, तुटेल. हात लावू नका."

"बरं," आई म्हणाल्या, जराशा दुखावल्या. "बघत होते नुसती."

मी फोन खालीच त्यांच्यापाशी ठेवला. वर खिशात काहीही न्यायचं नाही, सांगाड्यात पडलं तर काढता येत नाही. ऑलिव्हेरो खुर्ची घेऊन दोरीजवळ बसले. मी शिडी चढले, वरचं झडप उघडलं, आत गेले आणि ते पाठीमागे लावून घेतलं. ते लावावंच लागतं. त्याखाली आवाज अडवायला जाड गाद्या भरलेल्या आहेत, नाहीतर खालच्या माणसांचे कान फुटतील. खालचं वर नाही, वरचं खाली नाही. घंटेचा आवाज तेवढा जातो.

थोरली घंटा पलीकडच्या टोकाला, भिंतीलगत. तिच्या खालच्या खड्ड्यात उतरायचं म्हणजे सांगाड्याच्या दोन तुळयांमधून आडवं होऊन, एक खांदा आधी काढून सरपटायचं. उतरल्यावर डोक्यावर घंटेचा माथा, एका बाजूला माझ्यापेक्षा उंच चाक, दुसऱ्या बाजूला भिंत, आणि नाकासमोर तो स्टे. भिंतीला हवेसाठी तिरक्या फटी होत्या, त्यातून खालचं आवार दिसत होतं. गवत कापणारे कामगार आले होते. त्यांच्या यंत्रांचा घरघराट टिपेला पोचला होता.

मी लाकडाला सेन्सर चिकटवले आणि लोखंडी टोकाच्या लहान हातोडीने ठोकत गेले. वरून खाली येताना आवाज बदलला. वर टणक, मध्ये भरीव, आणि बुडाशी, जिथे सगळा भार येतो तिथे, ओल्या पुठ्ठ्यावर ठोकल्यासारखा. मी बॅटरी जवळ नेली. तिथे केसासारखी एक चीर होती, दांडीच्या अर्ध्या जाडीपर्यंत गेलेली.

मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. चीर सापडली म्हणजे रिपोर्ट झाला, नवा स्टे बसणार, माझं नाव होणार. मी बुडाशी वाकून ती चीर मोजत असताना सहज फटीतून बाहेर नजर गेली. आवारात एक लॉरी उभी होती, तिच्यावर लाकडाच्या लांब पट्ट्या, नव्या दांड्यांसाठी मागवलेल्या. आणि लॉरीवाल्याशी बोलत, किल्ल्यांचा जुडगा बोटात फिरवत, ऑलिव्हेरो उभे होते.

मी मोजणं सोडून फटीला डोळा लावला.

नियम त्यांनी पाळला होता. किल्ल्या हातात होत्या, म्हणजे खोलीला बाहेरून कुलूप लावून ते दोन मिनिटांसाठी उतरले होते. बाहेरचं कुणी आत शिरणार नव्हतं. पण आई आतच होत्या. कुलूपबंद खोलीत, एकट्या, एकुलत्या एका मोकळ्या दोरीसमोर.

मला जणू समोर दिसायला लागलं. त्या थोडा वेळ बसतील. मग दार ढकलून बघतील, ते उघडणार नाही. मग मला हाक मारतील. छताकडे तोंड करून, आधी हळू, मग मोठ्याने. उत्तर येणार नाही. फोन लावतील, तो त्यांच्याच शेजारी वाजेल. पुन्हा हाक. पुन्हा काही नाही. वाईच्या बाथरूमचं दार त्यांच्या डोळ्यांसमोर येईल. आणि मग त्या तेच करतील जे मी त्यांना शिकवलं होतं. घंटा वाजवतील.

मी फटीला तोंड लावून ओरडले. "मिस्टर ऑलिव्हेरो." गवताच्या यंत्रांनी ते गिळून टाकलं. पुन्हा ओरडले, घसा फाटेपर्यंत. ते लॉरीवाल्याला कसलीशी पट्टी परत दाखवत होते, मान हलवत होते. त्यांनी वर बघितलंच नाही.

बाहेर पडायला हवं होतं. मी एक खांदा तुळयांमधून घातला आणि थांबले, कारण त्या फटीत मी अर्धी अडकलेली असताना घंटा सुटली असती तर ती माझ्या कमरेवरून गेली असती. खड्ड्यात राहिले तर डोक्यावर येणार. कुठेच जागा नव्हती. मागे सरकताना गुडघा चाकाच्या आऱ्यावर आपटला आणि मी ओरडून मागे झाले, आपणच चाक हलवलं की काय म्हणून. मी आयुष्यात अशी कधी घाबरले नाही. वरुणला सकाळी निघताना मी नीट बघितलंही नव्हतं, हेच मनात येत राहिलं.

तेवढ्यात दोरी हलली.

चाकाच्या कडेवर सैल पडलेला दोरीचा वेढा ताठ झाला. म्हणजे खाली कुणीतरी गोंडा हातात घेतला होता. आधी नुसती चाचपणी होती, दोरी किंचित ओढली जाऊन पुन्हा सैलावली. दोरी तुटेल म्हणून त्या बेताने ओढत असणार. जुनी आहे असं मीच सांगितलं होतं ना. मग ती पुन्हा ताठ झाली आणि या वेळी सैल पडली नाही. चाक कुरकुरलं. माझ्या नाकासमोर तो स्टे पट्टीपासून सुटायला लागला. आधी कागद जाईल एवढी फट, मग करंगळी जाईल एवढी. वर घंटेचा माथा सरकत होता. तोल जायच्या टोकापाशी ती येत होती, आणि त्या टोकानंतर कुणाचाही हात तिला थांबवू शकला नसता, आईंचा तर नाहीच.

ओरडून उपयोग नव्हता. दोरी धरून ठेवायला जावं तर चाकात हात गेला असता. माझ्या हातात फक्त ती हातोडी होती. शेजारच्या खणात सगळ्यात धाकटी घंटा होती, तोंड खाली, गरीब गाय. मी तुळयांमधून हात लांब करून तिच्या कडेवर ठोकलं. हात पोचला पण ठोका नीट बसला नाही, थप्प असा मेलेला आवाज आला. मी दंड सोलून निघेपर्यंत हात आत घातला आणि पुन्हा ठोकलं. आणि लगेच आणखी एकदा.

ठण. ठण.

स्टे आणि पट्टीतली फट तशीच राहिली. वाढली नाही, मिटली नाही. दोरी ताठच. मला वाटलं त्यांना कळलं नाही. त्यांना वाटेल, आपणच ओढलेली घंटा वाजली, आणि त्या अजून जोरात ओढतील. मी डोळे मिटून घेतले. देवाचं नाव घ्यायला हवं होतं, पण तोंडातून आलं ते "आई, मी आहे."

मग फट मिटायला लागली. हळूहळू, अगदी हळूहळू, जणू खालून कुणी दूध उतू जाऊ नये म्हणून भांडं खाली ठेवत होतं. स्टे पट्टीला टेकला. चिरलेलं लाकूड करकरलं, चिरेच्या तोंडाशी भुसा निघाला, आणि मी त्या चिरेकडे बघत राहिले. ते तुटलं असतं तर घंटा दुसऱ्या बाजूने आली असती. तुटलं नाही. दोरी सैल पडली.

बाहेर कशी निघाले ते आठवत नाही. खांदा, कंबर, पाय, मग त्या घंटांच्या रांगेतून झडपेपर्यंत चार पायांवर. झडप उघडलं तेव्हा आई खोलीच्या मध्यभागी उभ्या होत्या, दोन्ही हात छातीशी घट्ट धरून, वर बघत. मी शिडीवरून जवळजवळ घसरतच खाली आले.

"दार लागलंय बाहेरून," त्या म्हणाल्या. "तुला किती हाका मारल्या. तू ओ देईनास. म्हटलं घंटा वाजवावी. मग तुझे दोन ठोके ऐकू आले, म्हणून सोडली. तुटली नाही हो दोरी."

मला त्यांना मिठी मारायची होती, पण मी भांडायला लागले. हात लावू नका म्हटलं होतं ना, एकदा सांगितलेलं कळत नाही का, असं काहीबाही. मी ओरडत होते आणि रडतही होते. मग त्याच ओघात सगळं सांगून टाकलं. वर काय आहे, मी कुठे बसले होते, ती दोरी काय करते, सफकच्या त्या सेवेकऱ्याचं काय झालं.

आई ऐकत खाली बसल्या. खुर्ची बाजूलाच होती, पण त्या जमिनीवर बसल्या. त्या आपल्या तळहातांकडे बघत होत्या. लोकरीचे लाल-निळे बारीक तंतू तिथे चिकटले होते.

"मला खोटं का सांगितलंस?" त्या म्हणाल्या.

"तुम्ही घाबरला असता म्हणून."

"घाबरले असते तर हात लावला नसता गं," आई म्हणाल्या.

कुलपात किल्ली फिरली. ऑलिव्हेरो घाम पुसत आत आले, आम्हा दोघींकडे बघून हसले. "सॉरी, लॉरी ब्रिंग राँग साइझ. बट आय लॉक ऑलरेडी, नोबडी कॅन कम इन. सेफ, लाह." मग त्यांचं लक्ष माझ्या सोललेल्या दंडाकडे गेलं, तिथून जमिनीवर बसलेल्या आईंकडे, तिथून दोरीकडे. ती अजून मंद झुलत होती. त्यांनी मला आणि आईंना दारापाशी उभं केलं, पुढे होऊन दोन्ही हातांनी गोंडा धरला, आणि घंटा झोक्याझोक्याने खाली उतरवली. ती वाजत असताना आईंनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. थालीपीठ तसंच परत आलं.

त्या संध्याकाळी वरुणला आम्ही दोघींनीही काही सांगितलं नाही. मी खोलीत रिपोर्ट लिहायला बसले. हेडफोन लावले नव्हते. जेवायची वेळ झाली, टळली. घंटी वाजली नाही. मी दाराकडे कान लावून बसले होते, आणि तिकडे काहीच वाजत नव्हतं. शेवटी मला राहवेना. मी उठून दार उघडलं.

आई दारातच उभ्या होत्या. किती वेळ कुणास ठाऊक. हातात देवघरातली घंटी होती आणि आतला लोलक त्यांनी मुठीत गच्च आवळून धरला होता, वाजू नये म्हणून.

मी दाराच्या चौकटीवर दोनदा ठोकलं.

"आहे, आई," मी म्हटलं. "सोडा."

त्यांनी मूठ सोडली नाही. मग मी माझ्या हातांनी त्यांचं एकेक बोट उघडलं.